ट्राउटसाठी गळ टाकण्याआधी बर्फ मोजा
कोलोरॅडोतल्या इलेव्हन माइलसारख्या डोंगरातल्या गोठलेल्या जलाशयावर बर्फाला भोक पाडून ट्राउट मासे धरायला जाताना कालच्या पाऊलखुणांवर विसंबू नका. धरणातून पाणी सोडलं की बर्फाखालची पातळी उतरते, काठाजवळचा थर अधांतरी राहतो आणि तडकतो. म्हणून काठापासूनच पहारीने ठोकत, थोड्या थोड्या अंतरावर गिरमिटाने भोक पाडून जाडी बघत पुढे जा. काचेसारखा स्वच्छ बर्फ निदान १० सेंटिमीटर हवा, दुधाळ पांढरा असेल तर दुप्पट. नदी येऊन मिळते तिथे तर जाऊच नका. पाण्यात पडलात तर बाहेर येण्यासाठी बर्फात रोवायचे टोकदार दांडके गळ्यातच अडकवा. त्या वेळी पिशवीतले हाती लागत नाहीत. आणि गळ थेट तळाला सोडू नका, रेनबो ट्राउट पुष्कळदा बर्फाखाली मीटर-दीड मीटरवरच फिरतो.