स्पीडस्टरच्या धाटणीचा घरगुती कार्ट: आधी चाकं, मग बाकी सगळं

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर गेल्या की खडू घेऊन उतरा. ज्याच्यासाठी कार्ट, म्हणजे मुलांनी चालवायची छोटी चारचाकी, करायचा, त्या मुलाला किंवा मुलीला फरशीवर पाय लांब करून, पाठ जराशी मागे झुकवून बसवा आणि भोवती रेघ मारा. पावलांच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक आडवं ठेवा, कमरेच्या मागे दोन. आता चार पावलं लांब जाऊन बघा. गाडी इथेच दिसायला लागते. माझ्या दहा वर्षांच्या लेकीसाठी मी ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये असाच आराखडा काढला आणि शेवटपर्यंत त्याच रेघांवर काम केलं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर १४० सेंमी, डाव्या-उजव्या चाकांतलं ८५. आठ ते बारा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

जुन्या स्पीडस्टरचं, म्हणजे उघड्या टपाच्या वेगवान गाडीचं, रूप तीन गोष्टींत आहे: उंच, बारीक, तारांची चाकं; लांब बॉनेट; आणि होडीसारखी निमुळती होत गेलेली शेपटी. १९३५ सालची अमेरिकेची ऑबर्न ८५१ स्पीडस्टर ही त्या शेपटीची सगळ्यात देखणी गाडी. तिची आखणी गॉर्डन ब्यूरिग यांची. मुलांसाठी छोटी स्पीडस्टर करायची कल्पनाही जुनीच आहे. बुगाटीने आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीची निम्म्या आकाराची, विजेवर चालणारी प्रतिकृती १९२७ पासून विकायला काढली होती. म्हणून आपणही मोटर विजेचीच घेऊ. आवाज नाही, धूर नाही, आणि सोसायटीच्या कमिटीकडे परवानगी मागताना तोंड वर करून बोलता येतं.

चाकं

माझी पहिली चूक इथेच झाली. मुलांच्या सायकलची १६ इंची चाकं स्वस्तात मिळाली, दिसायलाही छान होती. लेकीला बसवून ढकललं, पहिल्याच वळणावर पुढचं उजवं चाक दुमडलं. वेग चालण्याइतकाच होता म्हणून तिला लागलं नाही. सायकल वळताना कलते, त्यामुळे भार तारांच्या रेषेतच राहतो. चारचाकी कलत नाही. वळणावरचा सगळा जोर चाकाला आडवा बसतो. तो सोसायला सायकलचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, फार अरुंद पडतो.

म्हणून मोपेडची चाकं घ्या. टीव्हीएस एक्सएलची १६ इंची, तारांची चाकं जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. तारा जाड, हब रुंद, वर ड्रम ब्रेक आयता. टायरसकट उंची अर्ध्या मीटरहून थोडी जास्त भरते आणि छोट्या गाडीला ती शोभते. घेताना चाक हातात धरून फिरवा. रिम आउट असेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर सोडून द्या, चारही चाकांना हवा भरून रात्रभर ठेवा.

मोपेडवर एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, आपल्याकडे मात्र एकाच बाजूने. मूळचा १२ मिमीचा एक्सल असा एकटा लटकवू नका. हब घेऊन लेथवाल्याकडे जा आणि आतल्या बेअरिंगचा नंबर वाचा. ६२०१ असेल तर त्या जागी ६००२ बसते: बाहेरून दोन्ही ३२ मिमी, आतलं भोक मात्र १२ ऐवजी १५. रुंदीत एक मिमीचा फरक पडतो, तो वॉशरने भरून काढायचा. दुसरा नंबर निघाला तर बाहेरचा व्यास तोच आणि भोक मोठं अशी जोडी शोधायला सांगा. तीन मिमी म्हणजे किरकोळ वाटेल, पण वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास दुप्पट होते. एक्सल ईएन८ पोलादाचा करून घ्या, साध्या लोखंडाचा नको.

सांगाडा

२५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप पुरतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल ढिगाने आहे, पण आपल्याला दोन-तीन नगच लागतात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथला फॅब्रिकेटर ते कापून, जोडूनही देतो. शिडीसारखी रचना करा: दोन लांब दांडे, पाच आडवे. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारायला सांगा. मग दोन्ही कर्ण मोजा. तीन मिमीपर्यंतचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर टॅक तोडून पुन्हा. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर वाकडा सांगाडा सरळ होत नाही.

सीटची जागा दांड्यांच्या वर न घेता मध्ये, खाली घ्या. मूल जितकं खाली बसेल तितकी गाडी उलटायची भीती कमी, आणि स्पीडस्टरची बैठकही तशीच असते.

मागचा एक्सल २५ मिमीचा, दोन यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंगमध्ये (बोल्टने सांगाड्यावर बसणारी, घरासकट बेअरिंग). एकच मागचं चाक एक्सलला पक्कं करा, तेच गाडी ओढेल. दुसरं मोकळं फिरू द्या. दोन्ही पक्की केलीत तर वळताना एक चाक फरफटत जातं आणि स्टीअरिंग जड होतं. मोकळ्या चाकासाठी एक्सलचं टोक १५ मिमीपर्यंत उतरवावं लागतं. तिथे आमच्या लेथवाल्या दादांनी मला थांबवलं. पायरीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवून म्हणाले, "हा कोपरा धारदार ठेवला तर इथूनच तडा जाणार." त्यांनी तिथे छोटी गोलाई ठेवली. तुम्हीही आठवणीने सांगा.

स्टीअरिंग

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, कारण ते लहान वर्तुळात फिरतं. ही युक्ती घोडागाड्यांच्या काळातली. रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याला त्यासाठी एक दोरा पुरतो. पुढच्या किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं तिच्या, मध्यापासून मागच्या एक्सलच्या बरोब्बर मध्यापर्यंत दोरा ताणून धरा. स्टीअरिंगचा हात, म्हणजे चाक वळवणारी छोटी पट्टी, त्या दोऱ्याच्या रेषेत वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंना. दोऱ्याचं एक टोक मुलाच्या हातात द्या, काम सोपं होतं आणि त्यालाही कळतं आपण काय करतोय.

किंगपिनचं वरचं टोक साधारण १० अंश मागे झुकवा. त्यामुळे हात सोडला तरी चाकं आपोआप सरळ येतात. स्टीअरिंगच्या दोन्ही हातांना जोडणाऱ्या दांडीला रॉड एंड (टोकाला बसणारा, सगळीकडे वळणारा सांधा) लावा आणि स्टीअरिंगच्या प्रत्येक बोल्टला नायलॉक नट, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारा.

ब्रेक, आणि मगच मोटर

पुढच्या दोन्ही ड्रमच्या केबल एकाच पॅडलवर आणा. मध्ये तराजूच्या दांडीसारखी हलती पट्टी घाला, म्हणजे दोन्हीकडे सारखा ओढा बसतो. एकच ब्रेक धरला तर गाडी त्या बाजूला खेचली जाते. ब्रेकची प्लेट फिरू नये म्हणून तिचा हात स्टब एक्सलच्या (पुढच्या चाकाच्या आखूड एक्सलच्या) ब्रॅकेटला बोल्टने अडवा.

आता मोटर न लावता पंधरा दिवस गाडी ढकलून चालवा. मूल स्टीअरिंगवर, तुम्ही मागे. पॅडल दाबताच गाडी सरळ रेषेत, दोन-तीन फुटांत थांबली पाहिजे. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोटर २४ व्होल्ट, ३५० वॉटची, गिअरवाली. ई-सायकलच्या दुकानात तिचा कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त देणारा डबा) आणि पायाने दाबायचा थ्रॉटलही मिळतो. माझी मोटर मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेते, तिच्या चेनच्या चक्राला दाते ९. एक्सलवर मी सायकलचं २८ दात्यांचं चेनव्हील बसवलं. हिशेब असा: ३०० ला ९ ने गुणा, २८ ने भागा, साधारण ९६ फेरे. चाकाचा घेर १.६५ मीटर, म्हणजे मिनिटाला १५९ मीटर; ताशी साडेनऊ किमी. दहा वर्षांच्या मुलीला हा वेग भरपूर वाटतो. वाढवायचा झाल्यास नंतर लहान चेनव्हील लावता येतं.

१२ व्होल्ट, १२ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडा. अर्धा तास खेळ होतो. पॉझिटिव्ह टर्मिनललगतच ३० अँपिअरचा फ्यूज हवा. शेपटीवर मोठ्या माणसाचा हात पोचेल असा मेन स्विच लावा. ब्रेक पॅडलखालीही एक स्विच लावून कंट्रोलरला जोडा, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद. चेनवर पत्र्याचं पूर्ण झाकण पहिल्या फेरीच्या आधी. ओढणी, मोकळे केस, बुटाची नाडी, काहीही तिथे पोचता कामा नये.

अंग

शेपटीसाठी १२ मिमी प्लायच्या चार फासळ्या कापा, मागे जाताना लहान होत जाणाऱ्या. त्यांवर ४ मिमी प्लायच्या ४ सेंमी रुंद पट्ट्या वॉटरप्रूफ फेविकॉलने एकेक करून बसवा, अगदी होडीच्या फळ्या बसवतात तशा. टोकाकडे पट्टी कडक वाटली तर कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, ती ऐकते. बॉनेट १ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचं, ड्रेनेजच्या जाड पाइपवर हाताने दाबत वळवलेलं. हेडलाइटला स्टीलच्या दोन वाट्या, बॉनेटवरचे चामडी पट्टे कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याकडून.

ठाण्याच्या पावसाळ्यात कापलेलं लोखंड एका रात्रीत गंजतं, म्हणून वेल्डिंगच्या दिवशीच रेड ऑक्साइड मारा. ड्यूको रंग मात्र पाऊस गेल्यावरच. मी ऑगस्टमध्ये घाई केली आणि दमट हवेने निळ्या रंगावर दुधाळ पडदा धरला. सगळं घासून पुन्हा करावं लागलं. दसऱ्याला पूजा करायची ठरवली तर वेळेचा हिशेब बरोबर बसतो.

हा कार्ट सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा नाही. त्याची नोंदणी नाही आणि बसमधून तो दिसतही नाही. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, फाटक बंद ठेवा. हेल्मेट आणि बंद बूट रोजच.

ऑबर्न ८५१ च्या डॅशबोर्डवर एक पट्टी असायची: ही गाडी ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाने धावली आहे, आणि खाली विक्रमवीर चालक अॅब जेन्किन्स यांची सही. आम्ही खडूने ५० मीटर मोजले, घड्याळ लावलं. वीस सेकंद. ठाणे स्टेशनजवळ नेमप्लेट कोरणाऱ्याकडून पितळी पट्टी करून घेतली: 'ताशी ९ किमी'. खाली लेकीने खिळ्याने स्वतःची सही कोरली.