धडक बसली की गेम अडखळायचा

‘बर्नआउट पॅराडाइज’ २००८ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, लॅपटॉपला जड नाहीच. तरी पोरगा आणि मी खेळायला बसलो की पहिली दहा मिनिटं झकास, मग धडक बसून पत्रा चुरगळू लागला की चित्र अडखळायचं. दहा मिनिटांनीच का? तिथंच ओळखलं, हे उष्णतेचं दुखणं. सोलापूरचा मे, प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो.

बॅटरी सोडवून झाकण उघडलं. शेजारी चादरीचे यंत्रमाग, त्यामुळे पंख्यापुढच्या जाळीवर सुताच्या धुळीचा गोधडीसारखा थर! पाती बोटानं धरून (फिरू द्यायची नाहीत) मऊ ब्रशनं तो सोलून काढला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधला. तापमान ९६ वरून ७८ अंशांवर आलं. काल सलग दीड तास खेळलो, मनसोक्त.