एका झाडाशी ओळख कशी करायची

निसर्गात जायचं म्हटलं की लोकं ताम्हिणी नाहीतर माळशेज गाठतात, तासभर फोटो काढतात आणि येताना ट्रॅफिकमधे अडकतात. मी म्हणते घराजवळचं एकच झाड धरा आणि वर्षभर सोडू नका.

झाड रोजच्या वाटेवरचं हवं, दूध आणायला जाता तिथलं नाहीतर बसस्टॉपपाशी, मुद्दाम जावं लागलं की आठ दिवसात बंद पडतं. शक्यतो आपलं देशी घ्या, पळस, पांगारा, बहावा, उंबर, काहीही चालेल. माझी काटेसावर आहे, कॉलनीच्या मागच्या गेटपाशी.

१० मिनिटं पुरे पण सकाळी, ७ च्या आसपास, आणि मोबाईल खिशात. पहिले चार दिवस काहीच दिसत नाही, कंटाळा येतो, येऊ दे. तोवर खोडाला हात लावून बघा, सावरीचे काटे बुडाशी जाड असतात, कोवळ्या झाडाला जास्त, म्हाताऱ्या खोडावर कमी होत जातात.

सावर असेल तर खरी मजा जानेवारीअखेर ते मार्च. पानं सगळी गळालेली आणि नुसती लालभडक फुलं, पाच जाड पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका, तळाशी मध. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, खारीसुद्धा येतात. भोरड्यांचा थवा दिसला तर नीट बघाच, मध्य आशियाकडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात त्या! कोण आलं एवढंच बघू नका, काय करतंय ते बघा. साळुंकी मधासाठी अख्खं डोकं फुलात घालते, बाहेर येते ती तोंडाला पराग माखून आणि तशीच पुढच्या फुलात. नावं नाही आली तरी अडत नाही, "काळी, शेपटी हलवणारी" असं लिहा, नाव मागाहून कळतं.

फूल पडतं ना ते टप्पकन आवाज करून पडतं. उचलून हातात धरा, किती जड आहे कळेल. एप्रिल-मेमधे बोंडं फुटून कापूस उडतो, त्यात बी अडकलेली असते, पूर्वी याच्या उशा भरायचे.

वहीत रोज तारीख आणि एक ओळ, बास. दुसऱ्या वर्षी खरी गंमत येते. माझ्याकडे गेल्या वर्षी पहिलं फूल २८ जानेवारीला आहे, यंदा ती तारीख गेली तरी कळ्याच, सकाळी मान वर करून मोजल्या, खालच्या फांदीवर ११.