रुबीमधील मॉड्यूल: मेथड नेमकी कुठे सापडते ते कसे ओळखावे

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत साधा क्लास लिहिता येतो आणि वारसा म्हणजे काय हे माहीत आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

मॉड्यूल म्हणजे मेथड आणि क्लास एका नावाखाली एकत्र ठेवण्याची जागा. सोपा भाग आधी उरकावा. एकाच नावाचे दोन क्लास एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ते वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवावेत आणि जोडकोलन (::) वापरून त्यांना बोलवावे. मॉड्यूलवर 'न्यू' चालत नाही, कारण मॉड्यूलचा ऑब्जेक्ट बनत नाही.

खरी अडचण 'इन्क्लूड'पाशी, म्हणजे मॉड्यूलमधील मेथड क्लासला मिळवून देणाऱ्या आज्ञेपाशी येते. इन्क्लूड केल्यावर मॉड्यूलमधील मेथडची क्लासमध्ये नक्कल होते, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. ते चूक आहे. त्याच समजुतीने मी क्लासमधील एका मेथडच्या खाली, त्याच नावाची मेथड असलेले मॉड्यूल इन्क्लूड केले आणि नंतर लिहिलेली ओळ वरचढ ठरेल, अशी वाट पाहत दोन दिवस घालवले. वस्तुस्थिती अशी की मेथड शोधताना रुबी ज्या साखळीतून क्रमाने जाते, तिच्यात मॉड्यूल क्लासच्या लगेच नंतर आणि पालक क्लासच्या आधी बसते. मेथड प्रथम क्लासमध्ये शोधली जाते. तेथे ती सापडली, तर मॉड्यूलकडे कोणी पाहतही नाही.

म्हणून तर्क लढवत बसू नये. क्लासवर 'अ‍ॅन्सेस्टर्स' चालवून साखळी छापून पाहावी. दोन मॉड्यूल दोन स्वतंत्र ओळींत इन्क्लूड केली, तर नंतरचे आधी तपासले जाते. मात्र एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन ती लिहिली, तर पहिले आधी तपासले जाते, आणि येथे अनुभवी माणसेही फसतात. माझ्या मते एका ओळीत एकच मॉड्यूल लिहावे.

मॉड्यूलची मेथड क्लासच्या मेथडआधी चालायला हवी असेल, तर 2013 मध्ये रुबी 2.0 सोबत आलेले 'प्रीपेंड' वापरावे. त्या मेथडमध्ये 'सुपर' (साखळीतील त्याच नावाची पुढची मेथड चालवणारा शब्द) लिहायला विसरल्यास क्लासमधील मूळ मेथड चालतच नाही, आणि एररही येत नसल्याने हा दोष फार उशिरा लक्षात येतो.

'एक्स्टेंड' केल्यास मेथड खुद्द क्लासवर मिळतात, त्याच्या ऑब्जेक्टवर नाही.

सरावासाठी 'कम्पॅरेबल' हे तयार मॉड्यूल इन्क्लूड करावे. क्लासमध्ये दोन ऑब्जेक्टची तुलना करून ऋण एक, शून्य किंवा एक परत देणारी, 'स्पेसशिप' (<=>) नावाने ओळखली जाणारी मेथड लिहिली की लहान, मोठे, समान ही सर्व चिन्हे आपोआप चालू लागतात. त्यानंतर अ‍ॅन्सेस्टर्स छापून कम्पॅरेबल कुठे बसले ते पाहावे.