‘डब्ल्यूटीओ सोडा’ असा ठराव ग्रामसभेत मांडण्याआधी

मोंढ्यात कापूस हमीभावाच्या खाली गेला, सोयाबीनचा भाव उठेना, की मराठवाड्यातल्या गावागावांत एक मागणी पुन्हा वर येते: भारतानं जागतिक व्यापार संघटनेतून, म्हणजे डब्ल्यूटीओतून बाहेर पडावं. 26 फेब्रुवारी 2024 ला अबुधाबीत या संघटनेची मंत्रिपरिषद सुरू झाली, त्याच दिवशी संयुक्त किसान मोर्चानंही हीच मागणी केली. उलट नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे ज्यातून डब्ल्यूटीओ उभी राहिली त्या मसुद्याला, उघड पाठिंबा दिला होता. दोन्हीकडे शेतकऱ्यांचीच बाजू मांडणारी माणसं आहेत. म्हणून ठराव लिहिण्याआधी गावातल्या शेतकरी गटानं दोन बैठका तरी तपासणीला द्याव्यात.

पहिल्या बैठकीत वहीच्या एका पानाचे तीन रकाने करा: दिल्ली (केंद्र सरकार), जिनिव्हा (डब्ल्यूटीओ, तिचं मुख्यालय तिथं आहे) आणि बाजार (कोणी ठरवलं नाही, मागणी-पुरवठ्यानं झालं ते). प्रत्येकाची तक्रार ऐका आणि एकच प्रश्न विचारा: हा निर्णय नेमका कोणी घेतला? तक्रार त्या रकान्यात लिहा. सगळं काम याच टप्प्यावर अवलंबून आहे, त्यामुळे घाई करू नका.

कापसाचं आयात शुल्क घ्या. 2021 च्या अर्थसंकल्पापासून ते अधिभार धरून 11 टक्के होतं. 19 ऑगस्ट 2025 पासून ते शून्य केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. डब्ल्यूटीओनं ते काढायला सांगितलं नव्हतं. ही तक्रार दिल्लीच्या रकान्यात जाते. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 20 टक्के केलं आणि मे 2025 अखेर 10 टक्क्यांवर आणलं, तेही दिल्लीनंच. सोयाबीनचे वायदे 20 डिसेंबर 2021 ला सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या देशातल्याच संस्थेनं, बंद केले. खरेदी केंद्रावरची सोयाबीनसाठीची 12 टक्के ओलाव्याची अट तर 2024 च्या हंगामात केंद्रानं स्वतःच 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. अट जिनिव्हाची असती तर ती अशी एका पत्रानं सैल झाली नसती.

बियाण्याबद्दल बैठकीत हमखास गैरसमज निघतो. घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं दिला आहे. हा भारताच्या संसदेचा कायदा आहे. संघटना सोडल्यानं तो मजबूतही होणार नाही आणि कमजोरही होणार नाही.

आणखी एक घोळ टाळा. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) योजनेत पैसा आहे तो जागतिक बँकेच्या कर्जाचा. जागतिक बँक, नाणेनिधी, आरोग्य संघटना आणि व्यापार संघटना या चार वेगळ्या संस्था आहेत. ठरावात एकीचा राग दुसरीवर निघाला, तर वाचणारा अधिकारी पहिल्या ओळीतच कागद बाजूला ठेवेल.

आता जिनिव्हाचा रकाना. यात नोंदी थोड्या निघतील, पण त्या खऱ्या आणि जड आहेत. सगळ्यात मोठी नोंद हमीभावाच्या हिशेबाची. डब्ल्यूटीओच्या शेती करारानुसार हमीभावातून दिलेली मदत मोजताना आजचा बाजारभाव धरत नाहीत. 1986-88 ची संदर्भ किंमत, म्हणजे त्या काळचा जागतिक बाजारातला भाव, धरतात आणि ती गोठवलेली आहे. विकसनशील देशाला एका पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच अशी मदत देता येते.

फळ्यावर हा हिशेब मांडून दाखवा. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. संदर्भ किंमत क्विंटलला 1,000 रुपये, हमीभाव 8,000, बाजारभाव 7,000, एकूण पीक 100 क्विंटल, त्यातली सरकारी खरेदी 10 क्विंटल. उत्पादनाचं मूल्य झालं 7 लाख. शेतकऱ्याला खरा फायदा क्विंटलला 1,000 रुपयांचा, पण कागदावर मदत दिसते 7,000 रुपयांची. फक्त खरेदी झालेला माल धरला तर मदत 70,000 रुपये, म्हणजे बरोबर 10 टक्के. सगळं पीक धरलं तर 7 लाख, म्हणजे 100 टक्के! ‘किती माल धरायचा’ हा वाद यासाठीच चालतो. 2018 मध्ये अमेरिकेनं भारताच्या कापसाविरुद्ध स्वतःचा हिशेब संघटनेत मांडला, तो याच मुद्द्यावर. भारत आपला हिशेब डॉलरमध्ये देतो, त्याचंही कारण इथंच आहे. त्या काळी डॉलर साधारण 13 रुपयांचा होता. 1,000 रुपयांचे झाले 77 डॉलर. आता डॉलर 85 रुपयांचा धरला तर 8,000 चे होतात 94. फरक उरतो 17 डॉलरचा, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आत. एवढं गणित गटातल्या दोघांना तरी पाठ असायला हवं.

दुसरी नोंद शांतता कलमाची. 2013 च्या बाली बैठकीत ठरलं की अन्नसुरक्षेसाठीच्या सरकारी साठ्याची मदत मर्यादेपलीकडे गेली तरी अटींवर दावा होणार नाही. भारतानं तांदळासाठी हे कलम वापरलं. पण ते अन्नधान्यापुरतं आहे. कापसाला त्याची सावली नाही. आमच्या मते मराठवाड्यानं सगळ्यात मोठ्यानं मांडायची तक्रार हीच. त्याच वेळी अमेरिकेला 1,910 कोटी डॉलरपर्यंत बाजार बिघडवणारी मदत देण्याची वेगळी मुभा करारातच आहे, भारताला तशी नाही.

तिसरी नोंद न्यायाची. व्यापाराच्या वादांवर शेवटचा निकाल देणाऱ्या डब्ल्यूटीओच्या अपिलीय मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेनं अडवून ठेवल्या, त्यामुळे डिसेंबर 2019 पासून ते ठप्प आहे. ही गोष्ट दोन्हीकडून कापते. ऊस-साखरेच्या मदतीवरून डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला. भारतानं बंद मंडळाकडे अपील केलं आणि निकाल तिथंच अडकला. पण ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा शेवटचा निकाल देणारं कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत बाहेर पडण्याची किंमत तपासा. डब्ल्यूटीओ ज्यानं स्थापन झाली त्या मॅराकेश कराराच्या 15 व्या कलमानुसार महासंचालकांना लेखी नोटीस द्यायची, सहा महिन्यांनी सदस्यत्व संपतं. प्रक्रिया एवढी सोपी असूनही 1995 पासून एकही देश बाहेर पडलेला नाही. कारण ज्या देशांशी वेगळा करार नाही, ते त्यानंतर आपल्या सुतावर, पेंडीवर, कपड्यांवर हवं तेवढं शुल्क लावायला मोकळे होतात. परतायचं झालं तर प्रवेशाच्या अटी नव्यानं ठरवाव्या लागतात. चीनला आत यायला पंधरा वर्षं लागली, रशियाला त्याहून जास्त. युनेस्कोचं उदाहरण इथं लावू नका. अमेरिका 1984 मध्ये ती सोडून 2003 मध्ये परतली, पण त्या संस्थेत कोणाच्या मालाचं शुल्क ठरत नाही.

आत राहून झगडल्याची उदाहरणंही वाचून दाखवा. ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध खटला जिंकला, आणि 2014 मध्ये अमेरिकेनं 30 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. पण बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे चार गरीब कापूस देश 2003 पासून तेच गाऱ्हाणं मांडताहेत आणि त्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. ही दुसरी गोष्ट लपवू नका. ज्याला ‘सोडा’ म्हणायचंय त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे.

आमचा कौल सोडण्याच्या विरुद्ध आहे. ठराव असा लिहिता येईल:

“शेती करारातील 1986-88 ची संदर्भ किंमत बदलावी व शांतता कलमाचे संरक्षण कापसालाही मिळावे, यासाठी केंद्र सरकारने जागतिक व्यापार संघटनेत आग्रह धरावा. देशातील कापूस हमीभावाखाली विकला जात असताना कापसाचे आयात शुल्क कमी करू नये.”

गटाचं बहुमत तरीही ‘सोडा’ असं असेल, तर तसं लिहा, पण सोडल्यानंतर निर्यातीचं काय करायचं, हे त्याच ठरावात आलं पाहिजे.

विषय सभेच्या सूचनेआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या. ऐन वेळी मांडलेला विषय वगळला जाऊ शकतो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी ती. सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात आली का ते सही करण्याआधी वाचा. परराष्ट्र करार हा संघसूचीतला विषय असल्यानं ग्रामसभेचा ठराव सरकारला बांधत नाही, ती मागणी असते. म्हणून जिनिव्हाचा भाग वाणिज्य मंत्रालयाकडे, आयात शुल्काचा अर्थ मंत्रालयाकडे, सोयाबीनच्या खरेदीचा मुद्दा घेतला असेल तर तो कृषी मंत्रालयाकडे आणि सगळ्याची एक प्रत खासदारांना, अशी वेगवेगळी पाकिटं स्पीड पोस्टानं पाठवा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात ‘या पत्रावर कोणती कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. अर्जात मत लिहू नका. मत मागितलं की अर्ज परत येतो.