दंतरुग्णांत वारंवार तोंड येण्याचे प्रमाण कसे मोजावे

सांगली-मिरजेकडच्या दंतचिकित्सालयांत एखादे डॉक्टर सांगतात की निम्म्या रुग्णांना सारखे तोंड येते, तर दुसरे सांगतात की असा रुग्ण शेकड्यात एखादाच सापडतो. दोघेही प्रामाणिक असतात. त्यांनी मोजलेल्या गोष्टी मात्र वेगळ्या असतात. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ५ ते २५ टक्के असल्याचे वैद्यकीय ग्रंथ सांगतात, आणि हा पल्ला इतका रुंद असण्यामागे मोजणाऱ्याने काय विचारले, हे एक मोठे कारण आहे. आपल्या दवाखान्यातील, महाविद्यालयातील किंवा शिबिरातील प्रमाण ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे.

प्रथम कोणाला मोजायचे ते ठरवावे. ठरलेल्या काळात येणारा प्रत्येक नवा रुग्ण क्रमाने घ्यावा, त्याची संमती घ्यावी, आणि महाविद्यालयीन प्रकल्प असल्यास नैतिकता समितीची परवानगी आधीच मिळवावी. रुग्ण कशासाठी आला हे सर्वांत आधी लिहावे. तोंड आले म्हणूनच आलेल्यांचा रकाना वेगळा ठेवला नाही, तर आकडा फुगतो.

आता खरा अवघड टप्पा, म्हणजे प्रश्न विचारण्याचा. मला सर्वांत अधिक काळ अडवून धरले ते यानेच. "तुम्हाला वारंवार तोंड येते का?" हा प्रश्न कृपया विचारू नये. गुटखा-मावा खाऊन ज्याच्या गालाचे अस्तर ताठ झाले आहे, ज्याला तिखट झोंबते आणि ज्याचे तोंड पुरते उघडत नाही, तो या प्रश्नाला "हो" म्हणतो. तंबाखूतील चुन्याने गाल पोळलेला, कवळी टोचत असलेली आजी, तुटक्या दाताची कड जिभेला लागणारा, तापानंतर ओठाच्या काठावर पुरळ उठणारा, हे सगळेच "हो" म्हणतात. यांपैकी कोणालाही आपल्याला मोजायचे नाही.

आपल्याला हवा आहे तो रुग्ण असा: ज्याच्या ओठाच्या किंवा गालाच्या आतील बाजूस, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली, म्हणजे मऊ अस्तरावर, गोल वा लंबगोल, उथळ आणि दुखरे व्रण येतात, ज्यांचा तळ पिवळट-पांढरा व कड लाल असते, जे बहुधा १ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि १० ते १४ दिवसांत वण न ठेवता आपोआप भरतात, आणि दोन खेपांच्या मधल्या काळात ज्याचे तोंड पूर्ण स्वच्छ असते. काहींचे व्रण याहून मोठे असतात, कित्येक आठवडे टिकतात आणि वण ठेवतात; त्यांनाही मोजावे, पण तशी नोंद करावी. म्हणून रुग्णाच्या हाती आरसा द्यावा, "फोड कुठे येतात ते बोटाने दाखवा" असे सांगावे, आणि तो दाखवेपर्यंत आपण एकही शब्द सुचवू नये.

त्यानंतर काळ. "गेल्या १२ महिन्यांत किती वेळा?" असे विचारल्यास रुग्ण अंदाजाने आकडा सांगतो. मागच्या दिवाळीपासून धरावे. मग साखर कारखान्यांचा हंगाम, मुलांच्या परीक्षा, पेरणी, गणपती असे टप्पे एकेक करून विचारत यावे, म्हणजे आठवण जागेवर येते. तीन किंवा अधिक वेळा झाले असेल तरच मी "वारंवार" धरतो. बेहसेट विकार म्हणजे तोंडातील व ��ुप्तांगावरील व्रण आणि डोळ्यांचा दाह असलेला आजार; त्याच्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तोंडातील व्रणांसाठी १२ महिन्यांत किमान तीन वेळा हीच अट आहे. "आयुष्यात कधी तरी" आलेल्यांचा आकडा आणि वर्षभराचा आकडा एकाच वाक्यात ठेवणे ही माझ्या मते दिशाभूल आहे.

निव्वळ आज तोंडात दिसणारे व्रण मोजा, असाही सल्ला दिला जातो. तो अपुरा आहे. वर्षात चार वेळा, प्रत्येकी १० दिवस व्रण राहणाऱ्या माणसाच्या तोंडात ते ३६५ पैकी फक्त ४० दिवस असतात. म्हणजे अशा नऊ रुग्णांपैकी आठ जण तपासणीच्या दिवशी निरोगीच दिसतील. आजचा आकडा जरूर लिहावा, पण स्वतंत्र.

छापील प्रश्नावली बाकावर वाटून देण्याचा मार्ग तर पूर्ण टाळावा. सोबत आलेला मुलगा किंवा नवरा ती भरतो, आणि मिश्रीविषयी सासूसमोर कोणतीही सून खरे लिहीत नाही. तंबाखूचा प्रश्न एकट्यालाच, तोही हळू आवाजात विचारावा. तो गाळून चालणार नाही, कारण धूम्रपान करणाऱ्यांत हे व्रण कमी आढळतात आणि सिगारेट-बिडी सोडल्यावर काहींना ते सुरू होतात. जतच्या बाजूने येणाऱ्या कन्नडभाषक रुग्णांना कन्नड जाणणाऱ्यानेच विचारावे.

तपासणी चांगल्या प्रकाशात, कवळी काढून करावी.

हिशेब सोपा आहे. समजा, ३०० जणांत ५४ निघाले, तर प्रमाण १८ टक्के. मोजलेल्यांच्या निवडीतला योगायोग धरता खरा आकडा साधारण १४ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असेल. फक्त १०० जणांत १८ निघाले, तर हाच पल्ला १० ते २६ असा सैल होतो. आकड्याबरोबर विचारलेला प्रश्न जसाच्या तसा छापावा, आणि हे प्रमाण दवाखान्यात आलेल्यांचे आहे, सांगली जिल्ह्याचे नव्हे, हेही लिहावे. तोंड आलेले बहुतेक लोक मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतात आणि दंतवैद्याकडे येतच नाहीत.

मोजलेल्या रुग्णांना तसेच घरी पाठवू नये. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि फोलेट यांची तपासणी सुचवावी. हे व्रण बहुधा बालपणी किंवा तरुणपणी सुरू होतात. चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाले असतील, किंवा सोबत डोळ्यांची वा गुप्तांगावरील व्रणांची तक्रार असेल, तर फिजिशियनकडे चिठ्ठी द्यावी. आणि एकाच जागी तीन आठवडे न भरलेला व्रण दिसला, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात, तर तो कोणत्या रकान्यात बसतो याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बायॉप्सीसाठी पाठवावे.