हँगरभोवतीची जमीन पक्की करताना या चुका टाळा

छोट्या विमानतळावर धावपट्टीची काळजी सगळेच घेतात. हँगरभोवतालची, म्हणजे विमाने ठेवायच्या मोठ्या शेडभोवतालची, जमीन मात्र उरलेल्या खडीवर आणि उरलेल्या पैशांवर भागवली जाते. वास्तविक विमान अगदी हळू चालते, जागच्या जागी वळते, थांबते आणि हातांनी मागे ढकलले जाते ते याच पट्ट्यात. हलक्या विमानांसाठीच्या अमेरिकेतील जुन्या प्रमाणन नियमांत, पुढे चाक असलेल्या विमानाच्या प्रोपेलरचे टोक आणि जमीन यांच्यामध्ये किमान 7 इंच अंतर असावे, अशी अट होती. सात इंच म्हणजे जेमतेम 18 सेंटिमीटर. पुढचे छोटे चाक हातभर रुंदीच्या मऊ खड्ड्यात गेले आणि पुढचा दांडा दबला, तर त्यातले कितीसे अंतर उरते, हे मोजपट्टी लावून एकदा पाहावे. प्रोपेलर फिरत असताना जमिनीला लागला, तर नुसता प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावे लागते. म्हणूनच पुढे दिलेल्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहवत नाहीत.

पाण्याची वाट न ठरवता खडी टाकणे

सर्वांत जास्त पैसा याच चुकीत वाया जातो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. दारासमोर चिखल झाला की खडीचा ट्रक मागवला जातो, खडी पसरली जाते, दोन-चार महिने सगळे छान दिसते आणि पावसाळा सरता सरता तिथे पुन्हा चिखल होतो. खडी कुठेही गेलेली नसते. ती खालच्या मऊ मातीत रुतलेली असते आणि तिच्या फटींमधून माती वर आलेली असते.

एका छोट्या विमानतळावर मला दाखवलेली जागा अशीच होती. हँगरच्या सरकत्या दाराचा खालचा रूळ एका टोकाला खचला होता, दार अर्ध्यावर अडकत होते आणि दारासमोरच्या पट्ट्यात विमान ओढताना माणसांचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. तिथल्या व्यवस्थापनाने आधी कितीतरी वेळा खडी टाकून पाहिली होती आणि या वेळी त्यांना जाड काँक्रीट हवे होते. मी आधी कंबरभर खोल खड्डा खणायला लावला. खड्ड्याच्या भिंतीत करड्या चिकणमातीत अडकलेले खडीचे थर एकाखाली एक स्पष्ट दिसत होते. दर वर्षाची खडी आपापल्या जागी गाडली गेली होती. थोड्या वेळाने खड्ड्याच्या हँगरकडील भिंतीतून पाणी पाझरू लागले, समोरची बाजू मात्र कोरडीच राहिली. वर पाहिले तर छपराच्या पन्हळीचा उभा पाइप दाराच्या खांबाजवळ जमिनीपासून वीतभर उंचीवर संपत होता आणि त्याचे सगळे पाणी जोत्यालगत मुरत होते.

हिशोब साधा आहे. 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद छपराचे क्षेत्रफळ 600 चौरस मीटर होते. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावरून तासाभरात 30,000 लिटर पाणी खाली येते. दोन बाजूंना उतार असेल, तर प्रत्येक बाजूला 15,000 लिटर. एवढे पाणी जोत्याशी सोडल्यावर वर काँक्रीट घाला, पोलाद अंथरा की पेव्हर ब्लॉक बसवा, खालची माती मऊच राहणार. त्या जागी आम्ही उभ्या पाइपांचे पाणी बंद नळीतून हँगरपासून दूर नेऊन चरात सोडले, दारासमोरचा मऊ पट्टा खणून काढला, तळाशी जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे जाड कापड) अंथरून मुरूम आणि खडी थराथराने दाबून भरली आणि पृष्ठभागाला दारापासून बाहेरच्या बाजूला ढाळ दिला. काँक्रीट फक्त दाराच्या रुळाखालच्या पट्टीपुरतेच लागले.

ढाळ किती द्यावा, याबद्दलही घोळ असतो. पाणी वाहून जाण्यासाठी शंभरास एक, म्हणजे 1 टक्का, ढाळ पुरतो. विमान उभे करण्याच्या जागेवर उतार 1 टक्क्यापेक्षा जास्त नसावा, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस आहे, कारण त्याहून तीव्र उतारावर हातांनी ढकललेले विमान आवरणे अवघड जाते. ढाळ हँगरकडे कधीही नसावा. पाणी तर आत येतेच, पण सांडलेले इंधनही त्याच वाटेने आत येते. गवताची कड हीसुद्धा दुर्लक्षित बाब आहे. वर्षानुवर्षे गवत कापून तिथेच पडू दिले की कडेची जमीन हळूहळू उंचावते आणि ढाळ बरोबर असूनही पाणी त्या बांधाला अडून साचते. दर वर्षी पावसाळ्याआधी ती कड खरवडून पृष्ठभागापेक्षा थोडी खाली ठेवणे, हे कोणत्याही महागड्या उपायाइतकेच मोलाचे काम आहे.

माती न ओळखता चुना किंवा सिमेंट मिसळणे

कुणाच्या तरी विमानतळावर सिमेंट मिसळून जमीन दगडासारखी झाली, म्हणून आपणही तेच करावे, हा दुसरा हट्ट. चुना आणि सिमेंट ही एकाच रोगावरची औषधे नाहीत. चिकण, ओल धरणाऱ्या, फुगणाऱ्या मातीला चुना लागतो: चुन्यातील कॅल्शिअम चिकणमातीच्या कणांचा स्वभाव बदलते, तिचा चिकटपणा कमी करते आणि माती भुसभुशीत, हाताळण्याजोगी होते. वाळूमिश्रित माती किंवा मुरूम असेल, तर सिमेंट उपयोगी पडते, कारण तिथे कणांना कणाशी बांधायचे असते. चिकणमातीत थेट सिमेंट घातले, तर ते ढेकळांच्या बाहेरच राहते, ढेकळाच्या पोटात कच्ची माती तशीच उरते आणि पहिल्या जड वाहनाखाली ढेकूळ फुटते.

प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. पण तो येईपर्यंत हाताने एक चाचणी घेता येते. ओलसर मातीची तळहातावर वळी करावी. ती 3 मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली जात असेल आणि पुन्हा गोळा करून पुन्हा वळता येत असेल, तर माती चिकण आहे. वळी होण्याआधीच तुटत असेल, तर चुन्याचा विचार सोडून द्यावा. प्रयोगशाळेकडून सल्फेटचे प्रमाण मात्र आवर्जून मागावे. मातीत जिप्समसारखे सल्फेट भरपूर असेल, तर चुना, चिकणमातीतील अ‍ॅल्युमिना, सल्फेट आणि पाणी यांच्यापासून एट्रिंगाईट नावाचे स्फटिक तयार होतात आणि पक्की केलेली जमीन काही महिन्यांनी फुगून वर येते. त्यानंतर सगळे उखडण्यावाचून मार्ग राहत नाही.

आता वेळेविषयी, कारण उतावळ्या माणसांचे काम इथेच बिघडते. जड चिकणमातीत चुना मिसळल्यावर तिला एक ते तीन दिवस ओलसर ठेवून मुरू द्यावे लागते, मग पुन्हा मिसळून दबाई करावी लागते. सिमेंटचे उलट असते: पाण्याशी संयोग झाल्यापासून साधारण दोन तासांत दबाई पूर्ण व्हायला हवी. एका ठिकाणी कंत्राटदाराने शेतीच्या रोटाव्हेटरने सिमेंट मिसळले, संध्याकाळ झाली म्हणून ते तसेच सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर फिरवला. रात्रीतून धरलेले बंध रोलरने मोडून टाकले. पृष्ठभाग गुळगुळीत दिसत होता, म्हणून कुणालाही संशय आला नाही. इंधनाच्या टँकरने पहिले वळण घेताच वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटला. माझा नियम असा आहे की सूर्यास्तापूर्वी जेवढी दबाई होऊ शकेल तेवढ्याच पट्ट्यात सिमेंट पसरू द्यायचे आणि उरलेल्या पोती बंदच ठेवायच्या, मग मजूर बसून राहिले तरी चालेल.

वाऱ्याच्या दिवशी चुना पसरू नये, हे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. कळीचा चुना पाण्याशी मिळाला की प्रचंड उष्णता निर्माण होते, त्वचा भाजते, डोळे कायमचे अधू होऊ शकतात. शिवाय चुन्याच्या संपृक्त पाण्याचा सामू (pH) सुमारे 12.4 असतो आणि अ‍ॅल्युमिनिअमवरचा संरक्षक ऑक्साईडचा थर एवढ्या तीव्र अल्कात टिकत नाही. उडालेली भुकटी पंखांच्या सांध्यांत बसली आणि त्यावर दव पडले की तिथे गंज सुरू होतो. काम सुरू होण्याआधी विमाने दुसरीकडे हलवावीत. निव्वळ हँगरची दारे बंद करून भागत नाही. धूळ बसवण्यासाठी कॅल्शिअम क्लोराईडसारखे क्षार शिंपडण्याचा सल्ला कुणी दिला, तर तोही याच कारणासाठी नाकारावा.

ओलाव्याचा अंदाज डोळ्यांनी करणे

अमेरिकी अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडलेले तत्त्व आजही तितकेच खरे आहे: ठरावीक दबाईला प्रत्येक मातीची कमाल घनता एका ठरावीक ओलाव्यावरच मिळते. त्याहून कोरडी माती दाबली जात नाही, त्याहून ओली माती रोलरखाली उशीसारखी हलते. मूठभर माती दाबून गोळा करावा, तो छातीच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडावा; फुटून चार-सहा तुकडे झाले, तर ओलावा जवळपास बरोबर आहे, भुगा झाला तर कमी, चपटा होऊन बसला तर जास्त. हा अंदाज झाला, चाचणीचा पर्याय नव्हे. दबाई 150 मिलिमीटरच्या थरांनी करावी. अर्धा मीटर भराव एकदम टाकून वरून मोठा रोलर फिरवणाऱ्यांना मी काम थांबवायला लावतो, कारण वरची वीतभर जमीन कठीण होते आणि खालची सैलच राहते.

विमानाच्या वजनावरून जाडी ठरवणे

सेसना 172 सारखे विमान पूर्ण भारासह साधारण 1,100 किलोचे असते. तेवढ्यावर हिशोब करणारा माणूस विसरतो की 5,000 लिटर एव्हगॅस (छोट्या विमानांचे पेट्रोल) वाहणाऱ्या टँकरमधले नुसते इंधनच 3,600 किलोच्या आसपास भरते, आणि अग्निशमन वाहन त्याहूनही जड असू शकते. जाडी या वाहनांसाठी ठरवावी, किंवा त्यांचा मार्ग आखून तेवढाच पट्टा जाड करावा.

थोडक्यात सांगण्याजोग्या आणखी काही चुका

वरचा थर सुट्या खडीचा ठेवू नये. प्रोपेलर खडे उचलतो आणि पात्याच्या कडेवर पडलेल्या खाचेतून पुढे तडा जातो. इंधन भरण्याच्या जागी डांबर वापरू नये, कारण सांडलेले इंधन त्याला मऊ करते. तिथे काँक्रीट हवे. जिओटेक्स्टाईल अंथरल्यावर त्यावर थेट ट्रक नेऊ नये, आधी किमान 150 मिलिमीटर खडी पसरावी. दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी वापरलेल्या छिद्रांच्या पोलादी पट्ट्या कुठे स्वस्तात मिळाल्या, तरी त्या मऊ मातीवर तशाच अंथरू नयेत. छिद्रांतून चिखल वर येतो आणि वाकलेल्या कडा टायर कापतात. केबलसाठी खणलेला चर सुट्या मातीने भरू नये. विमान बांधण्याच्या कड्या पक्क्या केलेल्या थरात नंतर भोके पाडून ठोकू नयेत, त्यांचे काँक्रीटचे ठोकळे आधीच बसवावेत. आणि हँगरच्या खांबांलगत कंप देणारा मोठा रोलर नेण्याऐवजी हाताने चालवायचे प्लेट कॉम्पॅक्टर वापरावे.

जमीन आधीच बिघडली असेल तर

खडीच्या फटींतून पातळ चिखल वर येत असेल, तर खाली पाणी आहे आणि माती व खडी यांच्यामध्ये आडपडदा नाही. वरून आणखी खडी टाकणे व्यर्थ आहे. चाकोरीच्या दोन्ही बाजूंना माती उचलली गेली असेल, तर खालची माती भार सोसत नाही आणि जाडी वाढवावी लागेल. चाकोरी पडली पण बाजू उचलल्या गेल्या नसतील, तर बहुधा दबाई कमी पडली आहे. उन्हाळ्यात जोत्याला समांतर लांब भेगा पडून पावसाळ्यात मिटत असतील, तर माती आकसणारी-फुगणारी आहे.

निदान पक्के करण्यासाठी मी डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर वापरतो, म्हणजे टोकाला शंकू असलेला गज जमिनीत ठोकून तिची ताकद मोजण्याचे साधन. 8 किलोचा हातोडा 575 मिलिमीटर उंचीवरून सोडायचा आणि प्रत्येक ठोक्याला शंकू किती खाली गेला, ते लिहीत जायचे. दारासमोर, टँकरच्या वळणावर आणि पाइपाच्या तोंडाशी अशा जागा निवडाव्यात, शिवाय एक चाचणी चांगल्या जमिनीवर घ्यावी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. ही मोजणी पावसाळ्याच्या शेवटी, जमीन पुरती भिजलेली असताना करावी. कडक उन्हात वाळलेल्या चिकणमातीवर घेतलेले आकडे भरवशाचे नसतात. त्यांच्या आधारे थराची जाडी ठरवायला कुणी सांगितले, तर पाऊस होऊन जाईपर्यंत थांबावे आणि तोवर जड टँकर त्या पट्ट्यापासून दूर ठेवावा.